उसन्या ओळखीवर चालणारा व्यवहार

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांच्या आठवणी, वसतिगृहाचा अहवाल आणि देणगीदारांची नामावली ह्यांच्या शेजारी संगणकावरील लॉगिनविषयी लेख कशासाठी, असे काही ज्येष्ठ सभासदांच्या मनात येईल. चिटणिसांनी हा विषय आमच्या गळ्यात घातला त्यास एक कारण घडले आहे, आणि ते झाकून ठेवण्यासारखे नाही.

दोन वर्षांपूर्वी आपण शिष्यवृत्तीचे अर्ज प्रथमच वेबसाइटवरून मागविले. वेबसाइट बांधणाऱ्याने अर्जदारास आत येण्यासाठी एकच दार ठेवले होते: एका मोठ्या परदेशी कंपनीच्या खात्याचे. ज्याचे त्या कंपनीत खाते असेल त्याने बटण दाबावे आणि आत यावे. आम्हां कार्यकारी मंडळाच्या लोकांस ते फार सोपे वाटले. आपल्या सर्वांची तशी खाती होतीच. देवासकडच्या एका खेड्यातील मुलीचे मात्र नव्हते. ती तालुक्याच्या गावी इंटरनेटच्या दुकानात गेली, आणि दुकानदाराने आपल्याच खात्याने दार उघडून तिचा अर्ज भरून दिला. गुणपत्रिकेची प्रत अस्पष्ट होती म्हणून आपण ती पुन्हा मागविली. ते पत्र दुकानदाराच्या ई-मेलवर गेले. त्याच्याकडे तसले ढीगभर अर्ज. त्याने ते पाहिले नाही. मुदत टळली, अर्ज बाद झाला, आणि मुलीने पॉलिटेक्निकचे पहिले सत्र भरले नाही. हकीकत कळली तेव्हा वाटप होऊन गेले होते. मुलीचा दोष काडीचाही नव्हता. दुकानदाराचाही फारसा नव्हता. आपण आपल्या दाराची राखण दुसऱ्याकडे सोपविली आणि त्या दाराशी कोण कोण येऊ शकणार नाही ह्याचा विचार केला नाही, हीच खरी चूक. ती आमची.

तेव्हा हा प्रकार आहे तरी काय आणि मोठमोठे धंदेवाले त्याच्या मागे का लागले, हे मुळापासून समजून घेणे बरे.

इंदुरात आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबे-पणजोबे सराफ्यात वा सियागंजात कोणाच्या ना कोणाच्या पेढीवर मुनीम किंवा कारकून होते. शहाजोग हुंडी हा शब्द त्यांच्या घरी अजून ऐकू येईल. हुंडी घेऊन येणारा माणूस अनोळखी असे. त्याची खातरजमा पेढीवाल्याने कशी करावी? तो ती करीतच नसे. हुंडीवरच लिहिलेले असे की पैसे ‘शहा’स, म्हणजे बाजारात पत असलेल्या सराफास द्यावेत. आणणाऱ्याने आपल्या ओळखीच्या शहामार्फत हुंडी सादर करावयाची; पेढीवाला शहास ओळखे, शहा माणसास ओळखे, आणि व्यवहार पुरा होई. ह्यात महत्त्वाची गोष्ट अशी की हुंडी चोरीची वा बनावट निघाली तर रक्कम परत करण्याची, नाहीतर ज्याच्याकडून ती आली त्यास हजर करण्याची जबाबदारी शहावर पडत असे. ओळख देणे म्हणजे जोखीम पत्करणे, हे त्या बाजाराचे तत्त्व होते.

आज वेबसाइटवर ‘गूगलने आत या’, ‘फेसबुकने आत या’, ‘ॲपलने आत या’ अशी बटणे दिसतात, ती ह्याच जातीची आहेत. दुकान ग्राहकास ओळखत नाही. दुकान त्या कंपनीस ओळखते, कंपनी ग्राहकास ओळखते. फरक एवढाच की हा नवा शहा जोखीम घेत नाही. त्याच्या छापील शर्ती सवड काढून वाचल्या तर त्यांत सेवा ‘आहे तशी’ देऊ केलेली असते, आणि ती चुकली वा बंद पडली तर दुकानाच्या नुकसानीची भरपाई त्यातून सहसा निघत नाही. हा फरक लहान नव्हे. पुढचे पुष्कळसे त्यातूनच निघते.

दुकानदार असे का करतो, तर पासवर्ड सांभाळणे हे जिकिरीचे काम आहे. संगणकावर पासवर्डाची चाल अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या विद्यापीठात १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पडली; एकच यंत्र अनेक संशोधक वाटून वापरीत, आणि प्रत्येकाच्या फायली निराळ्या राहाव्यात म्हणून ही युक्ती. पुढे इंटरनेट घरोघर आले आणि प्रत्येक दुकान निराळा पासवर्ड मागू लागले. माणसाची स्मरणशक्ती ती किती! त्याने एकच शब्द सगळीकडे चालविला. मग एका दुकानाची वही चोरीस गेली की शंभर दुकानांच्या किल्ल्या चोरास मिळू लागल्या. २००९ साली रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीतून ३ कोटी २० लक्ष पासवर्ड चोरीस गेले, आणि ते सर्व जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत लिहून ठेवलेले होते. नीट पद्धत अशी की पासवर्ड मुळी ठेवूच नये. त्याचे गणिताने दळण करून केवळ पीठ ठेवावे, कारण पिठावरून दाणा परत करता येत नाही. दळताना प्रत्येकाच्या शब्दात निरनिराळी चिमूट मिसळतात, तीस ह्या शास्त्रात खरोखरच ‘मीठ’ म्हणतात. हे सर्व करावयास जाणकार माणूस लागतो, आणि तो टिकवून धरावयास पगार लागतो. शिवाय पासवर्ड विसरलेल्या ग्राहकांची रोजची रांग असतेच. लहान धंद्यास वाटते, हे काम ज्यांचे त्यांच्याकडे द्यावे. त्यात गैर काही नाही.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. ग्राहक बटण दाबतो तेव्हा तो दुकानातून उचलला जाऊन कंपनीच्या दारात उभा केला जातो. पासवर्ड तो तेथे देतो. दुकानास तो दिसतही नाही. कंपनी त्यास विचारते, अमुक दुकानास तुमचे नाव आणि ई-मेल कळविले तर चालेल काय? त्याने होकार दिला की त्यास एक अल्पजीवी परवलीची खूण देऊन दुकानाकडे परत पाठवितात. दुकानाचा संगणक ती खूण आणि स्वतःचे गुपित कंपनीच्या संगणकास परस्पर दाखवून तिच्या बदली एक सहीची चिठ्ठी घेतो. चिठ्ठीत लिहिलेले असते की हा अमुक क्रमांकाचा मनुष्य, ही चिठ्ठी अमुक दुकानासाठीच आहे, आणि अमुक वेळेनंतर ती रद्द समजावी. दुकानाने सही तपासावी, आपले नाव तपासावे, वेळ तपासावी, मग दार उघडावे.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. अशा चिठ्ठ्या दोन प्रकारच्या असतात. एक परवानगीची आणि दुसरी ओळखीची. ओऑथ नावाची पद्धत २००७ साली निघाली आणि २०१२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती प्रमाण झाली. ती मुळात परवानगीची, म्हणजे माझ्या वतीने माझी छायाचित्रे ह्या छापखान्यास दाखवा, एवढ्यापुरती. अनेक वेबसाइटींनी तीच चिठ्ठी ओळखीची म्हणून चालविली. हमालाजवळ गुदामाची किल्ली आहे म्हणून तो गुदामाचा मालक ठरत नाही. तसेच परवानगीची चिठ्ठी जवळ असणारा तोच खातेदार असे धरून चालता येत नाही. ती उणीव भरून काढणारी ओपनआयडी कनेक्ट नावाची पद्धत फेब्रुवारी २०१४ मध्ये पक्की झाली आणि आज बहुतेक बटणांमागे तीच किंवा तिच्यासारखी पद्धत असते. आपल्या वेबसाइटवाल्यास एवढा एक प्रश्न विचारला तरी त्यास किती कळते ह्याचा अंदाज येतो.

ह्या व्यवसायाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे, आणि काहीसा गमतीचाही. मायक्रोसॉफ्टने १९९९ साली पासपोर्ट नावाची सेवा काढली. एकाच खात्याने साऱ्या इंटरनेटची दारे उघडावीत हा हेतू. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास पासपोर्टच्या वेबपत्त्याचे वार्षिक शुल्क भरावयाचे राहून गेले, आणि त्याबरोबर हॉटमेलची दारे अनेकांस बंद झाली. शुल्क होते ३५ डॉलर. शेवटी कंपनीशी संबंध नसलेल्या एका परक्या संगणकतज्ज्ञाने ते आपल्या खिशातून भरले. एवढी बलाढ्य कंपनी, आणि पस्तीस डॉलरांसाठी दार अडले! पुढे ईबेसारख्या मोठ्या बाजाराने ही सेवा स्वीकारली होती, पण २००५ च्या आरंभी तिनेही ती सोडली. आपल्या ग्राहकांची हजेरी मायक्रोसॉफ्टच्या वहीत लागावी हे व्यापाऱ्यांस मनापासून रुचलेच नव्हते.

मग मुक्त पद्धतीवाले पुढे आले. २००५ मध्ये ओपनआयडी निघाली. तिच्यात प्रत्येकाने आपला शहा आपण निवडावा अशी सोय होती. तत्त्व उत्तम, परंतु सामान्य माणसास आपली ओळख म्हणून एक लांबलचक वेबपत्ता लिहावा लागे, आणि ते त्यास जमले नाही. मोझिलाने पर्सोना नावाचा असाच एक सज्जन प्रयत्न केला. तो नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झाला. ज्या वेबसाइटी त्यावर विसंबल्या होत्या त्यांस नवे दार बांधावे लागले. दरम्यान फेसबुकने २००८ च्या अखेरीस आपले बटण बाजारात आणले होते आणि ते भराभर पसरले, कारण दुकानदारास त्यातून नावाबरोबर ग्राहकाची मित्रमंडळी आणि आवडीनिवडी मिळण्याची आशा होती. खरे बोलावयाचे तर पुष्कळ धंदेवाल्यांनी हे बटण सुरक्षिततेसाठी घेतलेच नाही. ग्राहकाने फॉर्म अर्धवट सोडून जाऊ नये आणि त्याची माहिती हाती यावी म्हणून घेतले. ॲपलने २०१९ मध्ये आपले बटण आणले तेव्हा ह्याच दुखण्यावर बोट ठेवले: ग्राहकाची इच्छा असेल तर दुकानास खरा ई-मेल न देता टोपणपत्ता द्यावयाचा, आणि त्यावर आलेली पत्रे ॲपलने पुढे पाठवावयाची.

सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की चोरांनी सुमारे ५ कोटी खात्यांच्या चिठ्ठ्या लांबविल्या असाव्यात. पुढे तो आकडा ३ कोटींवर आला. इतर दुकानांत त्या वापरल्या गेल्याचा पुरावा आढळला नाही असे कंपनीने नंतर सांगितले, पण एका पेढीची तिजोरी फुटल्यावर गावभरच्या दुकानांनी कुलुपे तपासावयास धावावे, असा तो प्रसंग होता. आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, त्या दिवशी ज्या दुकानांचे तेवढे एकच दार होते त्यांचे ग्राहक बाहेरच उभे राहिले.

परंतु ह्या मोठ्या अपघातांपेक्षा लहान धंद्यास बाधणारी गोष्ट निराळी आहे, आणि ती कोणी सहसा सांगत नाही. चिठ्ठीत ग्राहकाचा जो क्रमांक येतो तो कंपनीने दिलेला असतो. फेसबुकने २०१४ पासून आणि ॲपलने आरंभापासून हा क्रमांक प्रत्येक दुकानासाठी निराळा ठेवला आहे. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलेच, कारण दोन दुकानांनी वह्या जुळवून त्याचा माग काढू नये. पण दुकानदाराच्या वहीत जर तेवढा क्रमांकच असेल, तर ज्या दिवशी तो त्या कंपनीस सोडील त्या दिवशी त्याच्या हाती निरर्थक आकड्यांची यादी उरते. आमच्या घरच्या पुस्तकांच्या धंद्यात हा अनुभव आम्ही घेतला आहे. उज्जैनच्या एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडून वर्षानुवर्षे मराठी पुस्तके मागवीत. त्यांचा फोन हरवला, त्यापाठोपाठ त्यांचे कंपनीतील खातेही अडकले, आणि कंपनीकडे दाद मागावी तर बोलावयास मनुष्य नाही. त्यांनी आम्हांस दूरध्वनी केला, “अहो, मी मीच आहे हे तुम्हांस ठाऊक आहे ना?” आम्हांस ठाऊक होते, त्यांचा आवाज वीस वर्षांच्या ओळखीचा, पण आमच्या संगणकास ठाऊक नव्हते, आणि त्यास सांगण्याची वाट आम्ही ठेवलेली नव्हती. त्यांचे आगाऊ भरलेले पैसे शेवटी कागदी पावतीवरून शोधून परत केले.

धंदे मोठे झाले की ते बटणांवर न थांबता दारवानच भाड्याने ठेवतात. ऑक्टा ही अमेरिकन कंपनी २००९ साली ह्याच कामासाठी निघाली: कारखान्यातील, कचेरीतील हजारो नोकरांनी एकदाच ओळख द्यावी आणि पगार, रजा, हिशेब, टपाल अशी सर्व दारे उघडावीत. ह्या धंद्याची किंमत केवढी, तर २०२१ मध्ये तिने ऑथझिरो ही दुसरी अशीच कंपनी सुमारे साडेसहा अब्ज डॉलरांस घेतली. ह्या सेवेचा एक मोठा लाभ आम्हांस मान्य केलाच पाहिजे: नोकर काम सोडून गेला की एका ठिकाणी त्याचे नाव काटले म्हणजे सर्व दारे बंद होतात, एरवी गेलेल्या माणसाच्या किल्ल्या वर्षानुवर्षे भटकत राहतात. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्याच ऑक्टाच्या ग्राहक-साहाय्य विभागात चोर शिरले. कंपनीने स्वतः दिलेला खुलासा असा की एका नोकराने कचेरीच्या संगणकावर आपले खाजगी गूगल खाते उघडले होते आणि कचेरीच्या एका खात्याचे नाव व पासवर्ड त्यात साठवले गेले होते. किल्ल्यांचा धंदा करणाऱ्याची किल्ली अशी बाहेर पडली!

आपल्या देशात ह्या कथेस निराळे वळण आहे. आधार क्रमांकांचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी सुरू झाले. खाजगी कंपन्यांनीही मग आधारच्या पडताळणीवर आपले ग्राहक नोंदविण्याचा सपाटा लावला. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने त्यास आळा घातला; पुढे २०१९ च्या दुरुस्तीने आणि २०२५ च्या नियमांनी, परवानगी आणि स्वेच्छा ह्यांच्या अटींवर, ती वाट काही प्रमाणात पुन्हा उघडली. तथापि रोजच्या बाजारात खरा शहा झाला तो मोबाइलचा क्रमांक. क्रमांक सांगा, आलेले आकडे टाका, आत या. खेड्यातील मुलीस हे जमते. पण क्रमांक ही काही जन्माची खूण नव्हे. घरात एकच फोन असला तर तो बहुधा वडिलांच्या वा भावाच्या नावाचा असतो. भरणा न केल्याने बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणास दिला जाऊ शकतो, आणि त्याबरोबर जुन्या मालकाची उघडी राहिलेली दारेही त्यास मिळतात. मुली लग्न होऊन गेल्या की क्रमांक बदलतात. आपल्या जुन्या विद्यार्थिनींच्या यादीत हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

एवढ्या विचारानंतर कार्यकारी मंडळाने वेबसाइटसंबंधी जे ठरविले आहे ते वार्षिक सभेपुढे येईलच. कंपनीचे बटण काढून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांस ते सोयीचे आहे त्यांनी खुशाल वापरावे, आणि तेथे खात्यास पासवर्डाखेरीज दुसरी खूणही लावावी. परंतु सभासदाचा आणि विद्यार्थ्याचा मूळ क्रमांक आपल्या नोंदवहीचा राहील. बटण, मोबाइल, ई-मेल ह्या त्या क्रमांकास जोडलेल्या निरनिराळ्या किल्ल्या असतील, आणि एक किल्ली हरवली तर दुसरीने किंवा कार्यालयात समक्ष येऊन दार उघडता येईल. अर्ज दुसऱ्याने भरून दिला असल्यास भरणाऱ्याचे नाव निराळ्या रकान्यात लिहावे लागेल, आणि पत्र अर्जदाराच्या घरच्या पत्त्यावर पोस्टानेही जाईल. वसतिगृहातील बहुतेक मुले १८ वर्षांच्या आतील आहेत. २०२३ साली संसदेने केलेल्या विदासंरक्षण कायद्यात अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे, तेव्हा केवळ मुलाने बटण दाबले म्हणून भागणार नाही.

ज्यांचे स्वतःचे दुकान वा कारखाना आहे त्यांनी आजच एक गोष्ट तपासावी. लॉगिनची ही सेवा घेताना कंपनीकडे एक नोंदणी करावी लागते आणि दुकानाचे गुपित त्या नोंदणीत असते. ती नोंदणी कोणाच्या खात्यावर आहे? आमच्या पाहण्यात दहांपैकी पाच-सहा ठिकाणी ती वेबसाइट बांधणाऱ्या मुलाच्या खाजगी खात्यावर असते. तो मुलगा पुण्यास वा बंगळुरास नोकरीस गेला, की दुकानाच्या दाराची किल्ली त्याच्याबरोबर गेली. आपल्या संस्थेचेही तसेच होते. गेल्या महिन्यात ती नोंदणी संस्थेच्या नावावर करून घेतली आहे. वेबपत्त्याच्या वार्षिक शुल्काची तारीख आता खजिनदारांच्या वहीत वीजबिलाच्या खाली लिहिलेली आहे.

ज्या सभासदांचा मोबाइल क्रमांक गेल्या पाच वर्षांत बदलला आहे त्यांनी सोमवार ते शनिवार सायंकाळी पाच ते सात ह्या वेळात कार्यालयात येऊन नोंदवहीत नवा क्रमांक लिहावा, आणि येताना वर्गणीची एखादी जुनी पावती आणावी. पावती नसल्यास दोन सभासदांची ओळख चालेल. मात्र ओळख देणाऱ्या दोघांनी वहीत सही करावयाची आहे.